सहा टेबलांची नाल

लोम, ७ ऑक्टोबर २०१८

झोरे,

सहावी बरणी भरत होतो तेवढ्यात तुझी आई ओरडली, "काठोकाठ भरू नकोस, उकळताना फुटेल." मी दचकलो आणि अर्धी पळी चटणी चुलीवर सांडली. कमी भरलेली बरणी तीच. तिच्यावर खडूची खूण आहे. आधी ती संपव, हवा शिरली असेल.

एकूण नऊ बरण्या आहेत. सातांत भाजलेल्या मिरच्यांची चटणी, दोनांत आलुबुखाराचा मुरंबा. गेल्या महिन्यात दहा दिवस अंगणात चूल पेटलेली होती. दहा दिवस दुसरं कुठलंच काम केलं नाही. रुम्याना सोलायला बसायची आणि माझ्या सालांवर नजर ठेवायची. "मेतोदी, तू मिरची सोलतोस की दाढी करतोस?" बहीण धाकटी असली तरी चुलीपाशी ती मोठी असते.

रिकाम्या बरण्या परत पाठव, झाकणांसकट. गेल्या खेपेला दोन झाकणं आली नाहीत. बरण्या कुठेही मिळतात, बसणारं झाकण मिळत नाही.

माझं अनुवादाचं काम बरं चाललंय. रशियन पंपांच्या माहितीपुस्तिका. कंटाळवाणं आहे, पण गुडघ्याला त्रास नाही. रोज पट्टीवर नदीचं पाणी मोजून फोनवर कळवायचं कामही चालू आहे. आज एकशे एक्केचाळीस सेंटिमीटर. इतकं कमी पाणी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मेतोदीमामा

•

ग्झीरा, माल्टा, २१ ऑक्टोबर २०१८

प्रिय मामा,

खुणेची बरणी तीन दिवसांत संपली. माझ्याबरोबर राहणारी सिसिलीची मुलगी चमच्याने खाते. तिला सांगितलं, ही पावाला लावतात. ती म्हणाली, पाव कशाला वाया घालवायचा?

झाकणं शोधते आहे. एक सापडलं, त्यात कोणीतरी साबण ठेवला होता.

एक विचारायचं होतं. मला गणित तू शिकवलंस, म्हणून तुलाच विचारते. समज, एका दुकानदाराने भाव वाढवला. काही गिऱ्हाइकं कुरकुरली, काही गेली. एक गिऱ्हाईक मात्र गेलं नाही. रोज येतं, तेवढाच माल घेतं. ते भोळं नाही, पैसा जपून वापरणारं आहे, हे दुकानदाराला नक्की माहीत आहे. असं दीड वर्ष चाललंय. यावरून दुकानदाराने काय समजावं? भाव अजून वाढवता येईल, असं समजावं का?

ऑफिसचं काम आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझी झोरी

•

लोम, ४ नोव्हेंबर २०१८

झोरे,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. भाव वाढूनही गिऱ्हाईक हलत नसेल, तर एक तर त्याला मोजता येत नाही, किंवा ते दुकानदाराच्या नात्यातलं आहे. मोजता येतं असं तूच म्हणतेस. मग तुमच्या दुकानदाराने आपल्या चुलत-मावस मंडळींची चौकशी करावी.

शेजारच्या किरोला विचारलं. तो चाळीस वर्षं मालवाहू बोटी चालवायचा, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, "तिसरं कारण आहे. दुकानदाराची बायको देखणी असेल." ते खोडून काढ.

भावाचंच म्हणशील, तर तुझ्या आजोबांचं बंदरावरचं कॉफीघर तू पाहिलं नाहीस. मागच्या खोलीत तीन पानांचा डाव चालायचा. सरकारी बंदी होती. म्हणून शिपाईही खेळायला यायचा. बाबा प्रत्येक डावातून दहा स्तोतिंकीचं एक नाणं नाल म्हणून, म्हणजे जागेचा वाटा म्हणून घेत आणि बरणीत टाकत. सगळ्यांनी पानं टाकून दिली आणि डाव लढलाच गेला नाही, तर नाणं नाही. म्हणायचे, "भांडणच झालं नाही, तर वकिलाची फी कसली?"

बरणी गळ्यापर्यंत भरली की ते झाकण लावत. त्यानंतर पहाटेपर्यंत खेळा, नाल नाही. लाकडं, कॉफी आणि शिपायाची राकिया दारू एवढं निघालं की त्यांना पुरे.

आता मुख्य गोष्ट ऐक. बरणी रोज तीच नसायची. टेबलावर हमाल बसले असतील, तर मोहरीची छोटी बरणी. कप्तान बसले असतील, तर लोणच्याची मोठी. कोण बसलंय हे पाहिल्याशिवाय त्यांनी कधी बरणी मांडली नाही.

पाणी एकशे अठ्ठावन्न.

मामा

•

ग्झीरा, २ डिसेंबर २०१८

प्रिय मामा,

आजोबांची बरणी मी ऑफिसात सांगितली. माझा साहेब एतियेन इथलाच आहे, गोझो बेटावरचा. तो म्हणाला, "तुझे आजोबा आमच्या दोनशे माणसांपेक्षा हुशार होते." मग म्हणाला, "पण त्यांना भागधारक नव्हते."

आता सांगूनच टाकते. तुला माहीत आहे की आमची कंपनी लोकांना घरबसल्या पोकर खेळवते. मी तिथे हिशेब लिहिते असं आई सगळ्यांना सांगते. मी हिशेब लिहीत नाही. नाल किती घ्यायची, ते ठरवणाऱ्या पाच माणसांत मी आहे.

आमचीही रीत आजोबांसारखीच आहे. डाव लढला गेला तरच नाल, टेबलावर मध्ये जमलेल्या रकमेच्या शेकडा पाच. आणि वर झाकण: एका डावातून ठरावीक रकमेपेक्षा जास्त घ्यायचं नाही. जे रोज खेळतात त्यांना महिन्याच्या शेवटी नालीतला काही भाग परत देतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही साडेचाराचे पाच केले. आता पुन्हा वाढवायचं चाललंय. किती सोसेल, ते मला शोधायचं आहे.

भाव वाढला तेव्हा रोज खेळणारी बारा खाती मी बारकाईने पाहिली. नाव-गाव आम्हाला दिसत नाही. खात्याचा क्रमांक आणि आमच्या घड्याळाची वेळ, एवढंच दिसतं. त्यातलं एक खातं, ४४७१, माझं लाडकं आहे. तुला विचारलेलं गिऱ्हाईक तेच. पहाटे चारला पडद्यावर एकदम सहा टेबलं उघडतो, नऊला बंद करतो. चिडून कधी खेळत नाही. हरला तरी तसाच, जिंकला तरी तसाच. इतका शिस्तीचा माणूस मी पाहिला नाही. बाराजणांनी मिळून जेवढे डाव खेळले, त्यातले जवळजवळ निम्मे याचे. भाव वाढल्यावर याचा एक डावही कमी झाला नाही.

रोज पावणेसातला तो अर्धा तास उठतो. गेल्या मार्चमध्ये तर तीन दिवस दर दोन तासांनी उठत होता. मी आणि एतियेनने पैज लावली. तो म्हणतो, पाद्री आहे. मी म्हणते, घरात म्हातारी आई असेल, तिला औषध देत असेल. मार्चमध्ये ती जास्त आजारी पडली असेल. वाईट वाटतं. पण वाचली असावी, कारण अजून रोज उठतो.

सप्टेंबरात दहा दिवस गायब होता. मला काळजी वाटली. नंतर आला.

तुझी झोरी

•

लोम, १६ डिसेंबर २०१८

झोरे,

पत्र मिळालं. माणसाला नुसत्या वेळांवरून ओळखू पाहू नये. आईला औषध देत असेल किंवा नसेल.

नवी नाल किती होणार आहे? कधीपासून? कोणत्या टेबलांवर? सहज विचारतो आहे.

इथे बर्फ आहे. बसवाला स्टोइचेव्ह एप्रिलच्या खेपेसाठी नावं लिहून घेतोय. जर्मनीत, ॲस्परॅगसच्या भाजीचे कोंब काढायला. तेच शेत, तोच मालक. नाव द्यावं म्हणतो. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

पाणी दोनशे तीन.

मामा

•

ग्झीरा, १३ जानेवारी २०१९

प्रिय मामा,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. बरण्या पाठवते आहे. आठ बरण्या, सात झाकणं. नववी बरणी सिसिलीवालीच्या हातून फुटली. ती स्वतःच पत्र लिहून माफी मागणार होती, मी नको म्हटलं.

ॲस्परॅगस कशासाठी? तू एकसष्टचा आहेस. दुसऱ्या खेपेहून आलास तेव्हा जिना बसून उतरत होतास, ते मी विसरलेले नाही. अनुवादाचं काम सुटलं का? सुटलं असेल तर सांग, मी काही पाठवू शकते. आता माझा पगार बरा आहे.

तू विचारलंस म्हणून लिहिते, पण बाहेर बोलू नकोस. एक मार्चपासून. दहा-पंचवीस सेंटच्या टेबलांवर झाकण एका युरोवरून दोन युरोंवर जाणार. शेकडा पाच तेच राहणार. आणि परतावा सगळ्यांना सारखा देणार नाही. आज रोज खेळणाऱ्याला नालीतले शेकडा तीस परत मिळतात. आता जो एकंदरीत जिंकतो त्याला दहा, जो हरतो त्याला जास्त. हरणारा थोडे पैसे परत मिळाले की टिकतो. जिंकणारा तसाही टिकतो, असं आमचे आकडे सांगतात. म्हणजे माझे आकडे. ते पटवायला मी बारा खात्यांचा तक्ता केला. एतियेन म्हणाला, इतका स्वच्छ तक्ता त्याने पाहिला नव्हता. वरिष्ठांची सभा १५ फेब्रुवारीला आहे.

४४७१च्या महिन्याच्या कमाईचं यातून काय होईल, तेही मी काढलं. चारशे दहा युरोंचे एकशे तीस होतील. तरी तो जाणार नाही, असं मी खाली लिहिलं आहे.

तुझी झोरी

•

ग्झीरा, १६ जानेवारी २०१९

मामा,

काल आईशी फोनवर बोलले. मी म्हटलं, मामाला एवढ्या बर्फात नदीवर पाठवू नकोस. ती म्हणाली, "मी कोण पाठवणारी? पावणेआठला घरातून निघतो, आठला पट्टी वाचतो, सव्वाआठला परत. यंदा पूर आला तर पुन्हा गेल्या मार्चसारखं. तीन दिवस दर दोन तासांनी जात होता, मोजे वाळत नव्हते." मग म्हणाली, "आणि पहाटे पाचपासून त्या कॉम्प्युटरपुढे. अनुवाद करणारा माणूस 'टाक पान, भुक्कडा' असं ओरडतो का गं?"

तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास पुढे आहे. तुमचे पावणेआठ म्हणजे आमचे पावणेसात.

सप्टेंबरात दहा दिवस मिरच्या भाजत होतास.

४४७१ तू आहेस का?

झोरी

•

लोम, २७ जानेवारी २०१९

झोरे,

हो.

तुझं डिसेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच कळलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली, दुसऱ्यांदा जरा बरं वाटलं. कारखान्यात एकतीस वर्षं काढली, शिस्तीचा माणूस असं कोणी लिहून दिलं नव्हतं. एतियेनला सांग, पाद्री नाही.

आता सगळं सांगतो, कारण तुझा तक्ता चुकला आहे.

दुसऱ्या खेपेहून जर्मनीतून आलो तो २०१६चा जून. गुडघा सुजून कोबीएवढा झाला होता. नदीच्या कामाचे मिळतात त्यात फक्त वीजबिल भागतं. बाबांच्या मागच्या खोलीत मी पत्ते पाहून पाहून शिकलो होतो, म्हटलं बघू. त्याच वर्षी तू त्या कंपनीत लागलीस. तेव्हा खातं तिथेच उघडलं.

हिशेब असा आहे. महिन्याला साडेनऊशे युरो मी तुमच्या बरणीत टाकतो. त्यातले दोनशे पंच्याऐंशी परत येतात. टेबलावर जिंकतो ते सव्वाशे. म्हणजे मी पत्त्यांवर जगत नाही, परताव्यावर जगतो. तू लिहिलेले चारशे दहा बरोबर आहेत. एकशे तीसही बरोबर आहेत. तुझं गणित नेहमीच चांगलं होतं.

चूक एवढीच: तो जाणार नाही, असं तू लिहिलंस, पण का जात नाही ते लिहिलं नाहीस. पलीकडच्या एका कंपनीत झाकण पाऊण युरोवर आहे, आणि परतावाही सगळ्यांना. तिथे महिन्याला साठ युरो जास्त सुटले असते. मला हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तुम्ही पाच टक्के केलेत तेव्हा माझ्याबरोबर रोज बसणारे दोघं तिकडे गेले. एक रुमानियाचा, एक कुठला कोण जाणे. रुमानियाच्या माणसाने पडद्यावर लिहिलं, "म्हातारबा, तू का बसलायस इथे?" मी लिहिलं, "भाचीचं दुकान आहे."

दुसरं काय करणार? आपल्या पोरीचं दुकान असताना पलीकडच्या गल्लीत जायचं नसतं. बाबा आयुष्यभर आत्याच्या नवऱ्याकडून साखर घेत. ती ओली असायची, वजनाला भरावी म्हणून. बाबांना माहीत होतं. ते ती शेगडीवर वाळवत आणि पुन्हा तिथूनच घेत.

शिवाय मला वाटायचं, इथे मी बसतो तर तुझी नोकरी टिकायला तेवढाच हातभार. हसू नकोस.

एक सांगतो. मोठ्या टेबलांवर, जिथे पाच-दहा युरोंचा खेळ असतो, तिथे हजार युरोंच्या डावातून तुम्ही तीन युरो घेता. आमच्या पन्नासच्या डावातून आता दोन घेणार. कप्तानांना मोहरीची बरणी आणि हमालांना लोणच्याची. तू बरणी मांडण्याआधी टेबलाकडे पाहिलं नाहीस.

रागावलेलो नाही. कोणाला काही सांगू नकोस. तू बोललीस तर माझं खातं बंद करतील आणि तुझ्यावर बालंट येईल. नाही बोललीस तर एक मार्चनंतर मला तिथे बसण्यात अर्थ नाही. दोन्हीकडून मी उठतोच. मग निदान तुझं तरी नीट राहू दे. स्टोइचेव्हला नाव दिलंय. दोन एप्रिलची बस आहे.

पाणी दोनशे सत्तर.

मामा

•

ग्झीरा, १७ फेब्रुवारी २०१९

प्रिय मामा,

मी बोलले.

तुझं पत्र आलं त्या रात्री नव्हे. आधी तक्ता पुन्हा केला, तुला वगळून. उरले अकरा. त्यांतले दोघं भाव वाढल्यावर सहा महिन्यांत निघून गेले होते. एक तुझा रुमानियाचा असणार. नऊजणांनी खेळ एक तृतीयांश कमी केला होता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी सरासरी डावांवर काढली, आणि निम्मे डाव तुझे होते. तुझ्या एकट्याच्या बसण्याने अकराजणांचं उठणं झाकलं गेलं. लहान वर्गातली चूक आहे. तू असतास तर वहीवर लाल रेघ मारली असतीस.

सभेच्या आदल्या दिवशी एतियेनकडे गेले. सांगितलं, ४४७१ माझा मामा आहे.

"मामा म्हणजे नक्की कोण?"

"आईचा भाऊ."

त्याने नियम काढले. कर्मचाऱ्याचे आईवडील, नवराबायको, मुलं, भावंडं यांना आमच्याकडे खेळता येत नाही. "मामा यादीत नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आमच्याकडे मामा यादीत सगळ्यांत वर असतो."

त्याने नियम मिटून ठेवले. मग म्हणाला, "त्याला आपला भाव आवडतो म्हणून तो बसत होता, असं मी पंधराजणांना सांगणार होतो."

"तो मी इथे आहे म्हणून बसत होता."

"माझी मावशी अजून माझ्या भावाकडून मासे घेते," एतियेन म्हणाला. "वास येणारे."

त्यानंतर जे झालं ते सांगते. तक्ता मागे घेतला. दहा-पंचवीसच्या टेबलांवर एक मार्चला काहीही बदलणार नाही. झाकण एक युरोच, परतावा सगळ्यांना तीसच. शरद ऋतूत पुन्हा पाहतील, आणि तेव्हा वाढवतील असं मला वाटतं. पण माझ्या तक्त्यावरून नाही.

तुझं खातं बंद होईल. यादीत नसलास तरी मी नातं जाहीर केलं आहे आणि तुझ्याच आकड्यांवर काम केलं आहे. तसा अर्ज मलाच भरावा लागला. खाली सही माझी आहे. तुझे सगळे पैसे आणि आजपर्यंतचा परतावा बँकेत येईल. मी तारीख पाहून घेतली, वीस फेब्रुवारी.

म्हणजे ज्यांना तू कधी पाहिलं नाहीस त्यांची बरणी लहान राहिली, आणि तुझी खुर्ची गेली. याला न्याय म्हणतात की नाही, मला माहीत नाही.

मला त्या पाचांतून काढलं आहे. आता तक्रारींना उत्तरं देते. पगार थोडा कमी. आज सकाळी फिनलंडच्या एका बाईंनी लिहिलं होतं, तुमची नाल कोण ठरवतं, त्याला एकदा माझ्यासमोर बसवा. मी लिहिलं, तुमचं म्हणणं पुढे कळवलं आहे.

मामा, पलीकडच्या गल्लीत जा. हे मी सांगते आहे. तुझी भाची सांगते आहे, तेव्हा त्यात गैर काही नाही. त्या बसमध्ये बसू नकोस.

दोन झाकणं सापडली. ओव्हनच्या मागे होती. सोबत पाठवते.

तुझी झोरी

•

लोम, १ एप्रिल २०१९

झोरे,

दोन्ही झाकणं मिळाली. एक वाकडं झालंय, पण बसतं.

पैसे वीस तारखेलाच आले, सेंटपर्यंत बरोबर. तुझ्या सहीचा कागदही आला. तो मी रुम्यानाला दाखवला. म्हटलं, आता लपवायला काही उरलं नाही. ती म्हणाली, "मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. पंपाच्या पुस्तिकेत राण्या आणि गुलाम असतात का?" मग कागद हातात घेऊन तिने तुझी सही पाहिली. "माझ्या पोरीने तुला हाकललं," म्हणाली. मी म्हटलं, "हो. आणि नियमाने हाकललं." मग तिने सूप वाढलं.

तू बोलू नकोस, असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. मी तुला वाचवायला निघालो होतो, पण त्यात अकराजण बुडाले असते, आणि त्यांच्यामागचे किती ते मला मोजता येणार नाही. बाबांनी मला हे विचारलं असतं तर मान खाली घालावी लागली असती.

पलीकडच्या दुकानात पाच आठवडे बसतो आहे. तीच सहा टेबलं, तीच वेळ. पहिल्या आठवड्यात हात चालत नव्हता. प्रत्येक डावाला वाटायचं, हे नाणं कुठल्या परक्याच्या बरणीत गेलं कोण जाणे. परक्या बेकरीतला पाव चांगला असला तरी आपण तो कागदात गुंडाळून, कोटाखाली धरून घरी आणतो, तसं. चौथ्या दिवशी रुमानियाचा माणूस टेबलावर आला. लिहिलं, "म्हातारबा! भाचीशी भांडण झालं?" मी लिहिलं, "भाचीनेच पाठवलं." तो म्हणाला, "शहाणी आहे." नंतर त्याने माझे अठरा युरो घेतले.

आजपर्यंतचा हिशेब: पाच आठवड्यांत चारशे ऐंशी युरो. तुझ्याकडे याच काळात चारशे सत्तर झाले असते. फार फरक नाही. वाटलं होतं त्यापेक्षा इथली माणसं जरा बरी खेळतात. स्वस्त दुकानात हिशेबी गिऱ्हाईक जास्त येणारच. हेही तुमच्या तक्त्यात घालायला हवं होतं.

ॲस्परॅगसच्या शेतावर दोन महिन्यांचे तीन हजार नक्की मिळतात. त्यात ना पान, ना नाल. किरो म्हणतो, "जा, तुझा गुडघा मी सांभाळतो." स्टोइचेव्ह दोनदा विचारून गेला. माझी बॅग अर्धी भरलेली आहे: मोजे, गुडघ्याचा पट्टा, एक बरणी चटणी. उरलेली अर्धी भरायला मी तीन दिवस लावले आहेत, त्यावरून तू काय ते समज. मला अजून समजलेलं नाही.

हे पत्र आज बंद करत नाही. उद्या पार्सलवाला दुपारी येतो.

मामा

ता. क. २ एप्रिल. पाणी तीनशे बारा, कालपेक्षा चार वर. पट्टी वाचून नेहमीप्रमाणे फोन केला. बस साडेआठला धक्क्यावरून सुटली. स्टोइचेव्हने माझं नाव खोडलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. मी घरी येऊन बॅगेतली बरणी काढली, पावाला चटणी लावून खाल्ली, आणि पावणेनऊला टेबलं पुन्हा उघडली.